चीक, डबा आणि बाटली : बाळाच्या दुधाचा दीडशे वर्षांचा इतिहास

गाय किंवा म्हैस व्यायली की तिच्या पहिल्या चिकाचा आपण खरवस करतो. गूळ, वेलची, जायफळ घालून, शेजारीपाजारी वाट्या पाठवून तो कौतुकानं खातो. पण त्याच घरात बाळंतीण असेल तर तिचा चीक 'जड असतो', 'खराब असतो' म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचं, अशी पद्धत अनेक ठिकाणी होती. काही घरांत अजूनही आहे. वासराचा चीक आपल्याला अमृत वाटतो आणि बाळाचा चीक मात्र वाया जातो!

माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांमध्ये नव्या बाळाच्या दुधावरून हमखास चर्चा होते. "डॉक्टर, हिला दूध पुरत नाही, एखादी चांगली पावडर लिहून द्या," हे वाक्य बहुतेक वेळा आजीच्या किंवा वडिलांच्या तोंडून येतं. आई गप्प असते. आपण कमी पडलो असं तिला वाटत असतं. दूध न पुरण्याची ही भीती कुठून आली? पावडर म्हणजे सुरक्षित, ती मिळाली की बाळ गुटगुटीत होतं, हा विश्वास कुणी तयार केला? आज या दोन प्रश्नांचा इतिहास पाहू. शेवटी आपल्या घरात काय करायचं हेही पाहू, कारण त्याचं उत्तर बरंचसं या इतिहासातच दडलेलं आहे.

वरचं दूध ही आजची गोष्ट नाही

आईला दूध नसणं, आई आजारी असणं, बाळंतपणात आई दगावणं ही संकटं माणसाइतकीच जुनी आहेत. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'धात्री' म्हणजे दूध पाजणारी दाई कशी निवडावी याचं सविस्तर वर्णन आहे. अशी दाई मिळाली नाही तर शेळीचं किंवा गाईचं दूध औषधी मुळांबरोबर उकळून द्यावं, असंही सांगितलं आहे. आपल्याकडे चोचीचं बोंडलं होतंच. सुश्रुतसंहितेत पहिल्या दिवसांत मध-तूप चाटवायला सांगितलं आहे. त्या काळी खरं दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं अशी समजूत होती. चीक हेही दूधच आहे आणि त्यात रोगांशी लढणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात, हे समजायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आईच्या पान्ह्याबद्दलचा आदरही आपल्या मातीत जुना आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा प्रत्येक मराठी मुलाला माहीत असते. आज एसटी स्थानकांवर आणि दवाखान्यांत स्तनपानासाठी जी खोली असते तिचं नाव 'हिरकणी कक्ष' आहे, ते उगाच नाही.

म्हणजे वरचं दूध पूर्वीही दिलं जाई, पण नाइलाज म्हणून. ज्या बाळाला दाईही मिळत नसे, त्याच्या जगण्याची आशा फार थोडी असे.

कारखान्यातलं दूध

हे चित्र एकोणिसाव्या शतकात युरोपात बदलू लागलं. गिरण्यांमध्ये बायका बारा-बारा तास काम करू लागल्या. घरी राहिलेल्या बाळाला गाईचं दूध मिळे, पण शहरात येईपर्यंत ते नासलेलं, पाणी घातलेलं असे. त्यात दूध पाजण्याच्या बाटल्या. लांब रबरी नळी असलेली बाटली तेव्हा फार लोकप्रिय होती, कारण बाळ एकटंच पडून चोखत राहू शके. ती नळी आतून घासता येत नसे. दुधाचा थर आत साचे आणि त्यात जंतू वाढत. या बाटल्यांना पुढे 'खुनी बाटल्या' असं नाव पडलं. फ्रान्सनं अखेर १९१० मध्ये कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली.

याच काळात रसायनशास्त्रानं उडी घेतली. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञानं १८६५ मध्ये गव्हाचं पीठ, माल्ट, गाईचं दूध आणि पोटॅशियम बायकार्बोनेट यांचं एक मिश्रण सुचवलं. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या व्हवे या गावी आन्री नेस्ले या औषध विक्रेत्यानं दूध, साखर आणि भाजलेलं गव्हाचं पीठ यांपासून बाळाचं खाणं तयार केलं. पहिल्या काही महिन्यांत आईचं दूधच सर्वांत योग्य, असं स्वतः नेस्लेनंही लिहिलं होतं. ज्या बाळाला ते मिळतच नाही त्याच्यासाठी हे अन्न होतं. हेतू चांगला होता आणि गरज खरी होती.

दुसरीकडे काही डॉक्टर वेगळी वाट शोधत होते. पॅरिसमध्ये प्येर ब्युदॅं यांनी १८९२ मध्ये तान्ह्या बाळांसाठी नियमित तपासणी सुरू केली. बाळाचं वजन करायचं, आईला अंगावर पाजायला प्रोत्साहन द्यायचं आणि नाइलाज असेल तिथेच निर्जंतुक केलेलं दूध द्यायचं, अशी त्यांची पद्धत होती. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्यानं १८९३ पासून गरीब वस्त्यांत पाश्चराइज केलेल्या दुधाची केंद्रं उघडली. आज आपल्याकडे अंगणवाडीत बाळाचं वजन तक्त्यावर मांडतात, त्यामागची कल्पना इतकी जुनी आहे.

विसाव्या शतकात दूध वाळवून पावडर करण्याचं तंत्र आलं. 'ग्लॅक्सो' हे नाव आज आपण औषधांमुळे ओळखतो, पण त्या कंपनीची सुरुवात न्यूझीलंडमधल्या दूध पावडरीपासून झाली. डब्यावरचं गुबगुबीत, गोरंगोमटं बाळ आपल्याकडेही इतकं ओळखीचं झालं की जाडजूड बाळाला लोक 'ग्लॅक्सो बेबी' म्हणू लागले. सुदृढ बालक स्पर्धांमध्येही तसंच बाळ बक्षीस घेऊन जाई. बाळाची तब्येत डोळ्यांनी मोजायची आणि जाड बाळ म्हणजे निरोगी बाळ मानायचं, ही सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे.

सिंगापूरमधलं एक भाषण

या इतिहासातली सर्वांत धाडसी व्यक्ती माझ्या मते सिसिली विल्यम्स. जमैकात १८९३ मध्ये जन्मलेल्या या डॉक्टर बाई ब्रिटिश सरकारच्या नोकरीत आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला गेल्या. तिथे त्यांना दीड-दोन वर्षांची मुलं दिसली. त्यांचे पाय आणि चेहरा सुजलेले, केस तांबूस, कातडी सोललेली, चेहरा सतत रडवा. त्यांनी कुणा मोठ्या प्राध्यापकाला न विचारता तिथल्या बायकांना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? उत्तर आलं, 'क्वाशिओरकोर'. पाठचं भावंड आलं की अंगावरून तोडलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. वैद्यकीय पुस्तकांत आज हाच शब्द आहे. १९३३ मध्ये या आजाराचं वर्णन प्रसिद्ध करून त्यांनी प्रथिनं कमी पडण्याकडे जगाचं लक्ष वेधलं.

नंतर त्यांची बदली मलायात झाली. तिथे त्यांनी वेगळंच काही पाहिलं. नर्ससारखा पांढरा पोशाख घातलेल्या बायका नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांकडे जात आणि साखर घातलेलं डब्यातलं आटवलेलं दूध बाळासाठी उत्तम आहे असं सांगत. ते दूध गोड होतं, टिकाऊ होतं, पण बाळाच्या वाढीला लागणारं पोषण त्यात नव्हतं. मलई काढलेल्या दुधात अ जीवनसत्त्व तर जवळजवळ नसेच, आणि त्याच्या अभावानं बाळांचे डोळे जात.

१९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबनं विल्यम्स बाईंना भाषणाला बोलावलं. त्यांनी भाषणाचं नाव ठेवलं 'दूध आणि खून'. असल्या चुकीच्या प्रचारामुळे होणारे बाळांचे मृत्यू हे अपघात नसून खून मानले पाहिजेत, असं त्यांनी शहरातल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांसमोर ठणकावून सांगितलं.

पुढे जपाननं सिंगापूर जिंकलं आणि विल्यम्स बाई चांगीच्या कैदी छावणीत गेल्या. तिथे अन्नाची भीषण टंचाई होती आणि डब्यातलं दूध मिळणं अशक्य होतं. त्या सांगत असत, छावणीत वीस बाळं जन्मली, विसांनाही आयांनी अंगावर पाजलं आणि वीसही जगली. अर्धपोटी आईचं दूधही बाळाला जगवू शकतं, याचा इतका स्पष्ट पुरावा शोधून सापडणार नाही. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख म्हणून त्यांचीच निवड झाली.

डब्यामुळे बाळ आजारी का पडतं?

इथे थोडं थांबून शरीरात काय घडतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं भांडण कशावरून झालं ते कळेल.

आईचं दूध मागणीप्रमाणे तयार होतं. बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरकं स्रवतात. पहिल्यामुळे दूध तयार होतं, दुसऱ्यामुळे पान्हा फुटतो. स्तन जितके रिकामे होतील तितकं नवीन दूध बनतं. रिकामे झाले नाहीत तर शरीर समजतं की गरज नाही, आणि दूध कमी होतं.

आता समजा, प्रसूतीनंतर दुसऱ्याच दिवशी बाळाला बाटलीनं पावडरचं दूध दिलं. पोट भरल्यामुळे बाळ झोपलं. आईला ओढलंच नाही. दोन-चार दिवस असं झालं की आईचं दूध खरोखरच आटू लागतं. 'दूध पुरत नाही' ही आधी नुसती भीती असते, बाटलीमुळे ती खरी होते. फुकट दिलेल्या नमुन्याच्या डब्याचं व्यापारी गणित हेच होतं. पहिला डबा फुकट, तो संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं, आणि पुढचे सगळे डबे विकत.

श्रीमंत घरात त्यामुळे फक्त खर्च वाढतो. गरीब घरात तीन संकटं एकदम येतात. पाणी स्वच्छ नसतं, बाटली उकळायला इंधन नसतं, आणि डबा महाग म्हणून पावडर कमी, पाणी जास्त घातलं जातं. चार दिवसांचा डबा दोन आठवडे पुरवला जातो. पांढरं पाणी पिऊन बाळ उपाशी राहतं. त्याच पाण्यातून जंतू जाऊन जुलाब होतात. आईच्या दुधात आतड्याला आतून लेप देणारं 'आयजीए' नावाचं प्रतिपिंड असतं. आईच्या परिसरात जे जंतू असतात, त्यांच्याशीच लढणारी ही प्रतिपिंडं असतात. पावडरीत ती नसतात. जुलाबानं बाळ आणखी खंगतं, खंगलेल्या बाळाला पुन्हा संसर्ग होतो. डेरिक जेलिफ या बालआरोग्यतज्ज्ञांनी याला व्यापारातून जन्मलेलं कुपोषण असं नाव दिलं.

खटला, बहिष्कार आणि जिनिव्हातलं मतदान

१९७४ मध्ये ब्रिटनमधल्या 'वॉर ऑन वाँट' या संस्थेनं माइक मुलर या पत्रकाराची एक पुस्तिका काढली. तिचं नाव होतं 'द बेबी किलर'. गरीब देशांत बाळाच्या दुधाची जाहिरात कशी चालते, याचा लेखाजोखा तिच्यात होता. स्वित्झर्लंडमधल्या एका कार्यकर्त्या गटानं ती जर्मनमध्ये छापताना शीर्षक आणखी जहाल केलं, 'नेस्ले बाळांना मारते'. कंपनीनं अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९७६ मध्ये निकाल लागला. शीर्षक बदनामीकारक आहे असं ठरवून न्यायालयानं कार्यकर्त्यांना किरकोळ दंड केला, पण कंपनीनं आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा फेरविचार करायला हवा, असंही न्यायाधीशांनी सुनावलं. खटला कंपनी जिंकली, पण त्या दोन वर्षांत हा विषय जगभर पोहोचला.

जुलै १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातून नेस्लेच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. १९७८ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी अमेरिकी सिनेटमध्ये या विषयावर सुनावणी घेतली. जिथे पाणी दूषित आहे आणि लोकांना वाचता येत नाही, तिथे असा माल विकावा का, हा तिथला मुख्य प्रश्न होता. १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जिनिव्हात सरकारं, कंपन्या, तज्ज्ञ आणि कार्यकर्ते या सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं.

त्यातून २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेत आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली. बाजूनं ११८ मतं पडली, तीन देश तटस्थ राहिले आणि विरोधात फक्त एक मत पडलं. ते मत अमेरिकेचं होतं. त्याचा निषेध म्हणून अमेरिकेच्या विदेशी मदत खात्यातल्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. त्याच अधिवेशनात भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांचंही भाषण झालं होतं.

या संहितेबद्दल एक गैरसमज आहे, तो दूर करू. तिनं पावडरीचं दूध बंद केलं नाही. ज्या बाळाला त्याची गरज आहे त्याला ते मिळालंच पाहिजे. बंदी आहे ती जाहिरातीवर, फुकट नमुन्यांवर, आयांना गाठण्यावर, डॉक्टर-नर्सना भेटवस्तू देण्यावर आणि डब्यावर आकर्षक बाळाचं चित्र छापण्यावर.

भारताचा कायदा आणि वर्ध्यातली बैठक

भारताची गोष्ट थोडी वेगळी आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी डब्यांवर अवलंबून राहू नये म्हणून म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेनं म्हशीच्या दुधापासून बाळाचं अन्न करण्याची पद्धत शोधली आणि आणंदच्या अमूलनं ते बाजारात आणलं. म्हशीच्या दुधापासून असं काही होणार नाही, असं परदेशी तज्ज्ञ म्हणत होते. तेव्हा ही देशाला अभिमान वाटावा अशीच कामगिरी होती. पण देशी असो की परदेशी, डब्याची जाहिरात आईच्या दुधावर परिणाम करतेच.

१९८३ मध्ये भारत सरकारनं आपली राष्ट्रीय संहिता काढली. ती ऐच्छिक होती, त्यामुळे तिला फारसे दात नव्हते. मग ग्राहक चळवळीतले लोक आणि बालरोगतज्ज्ञ कायद्यासाठी मागे लागले. मुंबईचे डॉ. आर. के. आनंद आणि त्यांची 'अकॅश' ही संस्था त्यात आघाडीवर होती. ३ डिसेंबर १९९१ रोजी आपल्या वर्ध्यात 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. पुढच्या वर्षी संसदेनं कायदा केला. 'शिशु दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुआहार कायदा, १९९२' असं त्याचं लांबलचक नाव. डॉक्टर मंडळी त्याला 'आयएमएस कायदा' म्हणतात. १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला.

या कायद्यानं दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या दुधाची, डबाबंद आहाराची आणि बाटल्यांची जाहिरात कुठेही करता येत नाही. फुकट नमुने, सवलती, भेटवस्तू चालत नाहीत. डब्यावर आईचा किंवा बाळाचा फोटो छापता येत नाही. डॉक्टरांच्या परिषदा किंवा सहली कंपन्यांच्या पैशांनी होऊ शकत नाहीत. भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कायद्यानं काही स्वयंसेवी संस्थांना थेट तक्रार दाखल करण्याचा अधिकार दिला आणि अकॅशनं तो वापरून मोठ्या कंपन्यांना कोर्टात खेचलं. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांनो, आठवून पाहा. दूरदर्शनवर दिसणाऱ्या बाळाच्या दुधाच्या जाहिराती अचानक गायब झाल्या, त्याचं कारण हा कायदा.

आज जाहिरात टीव्हीवर नाही, मोबाइलवर आहे. एखादी 'इन्फ्लुएन्सर' आई सहज बोलल्यासारखं करून डबा दाखवते. काही ठिकाणी बाळाच्या नव्हे तर त्याच्या पुढच्या वयाच्या दुधाची जाहिरात होते, पण नाव आणि डबा जवळजवळ तोच असतो. मलायातल्या पांढऱ्या पोशाखातल्या बायका आता आपल्या फोनमध्ये शिरल्या आहेत, इतकंच.

सायनमधली दूधपेढी

आईचं दूध नसेल तर सरळ पावडर, असं नाही. मधे आणखी एक पायरी आहे, आणि तिचा आशियातला इतिहास मुंबईत सुरू होतो. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं मानवी दूधपेढी सुरू झाली. आशियातली ही पहिली दूधपेढी. धारावीच्या शेजारचं हे महापालिकेचं रुग्णालय. तिथे कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं मोठ्या संख्येनं येत आणि वरच्या दुधामुळे होणारे संसर्ग त्यांचा जीव घेत. ज्यांना जास्त दूध आहे अशा आया दूध दान करतात, त्यांची रक्ततपासणी होते, दूध पाश्चराइज होतं, जंतूंची चाचणी होते आणि मग ते गरजू बाळाला मिळतं. जुन्या काळची 'दूधआई' विज्ञानाच्या कसोटीवर उतरून परत आली, असं म्हणता येईल. अशा पेढ्या आता राज्यातल्या इतर शहरांतही आहेत. अकाली जन्मलेल्या बाळाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावं. मात्र ओळखीतल्या बाईचं न तपासलेलं दूध परस्पर देऊ नये, किंवा इंटरनेटवरून मागवू नये.

बोट्स्वानाचा धडा

आईच्या दुधातून एचआयव्ही जाऊ शकतो हे १९८० च्या दशकात कळलं आणि मोठा पेच पडला. बाळाला पाजावं की नाही? आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशानं एचआयव्ही असलेल्या आयांना सरकारी खर्चानं पावडरचं दूध दिलं. हेतू शंभर टक्के चांगला. पण २००५-०६ च्या पावसाळ्यात पूर आले, पाणी दूषित झालं आणि बाळांमध्ये जुलाबाची भयंकर साथ पसरली. तपासात दिसलं की रुग्णालयात आलेल्या बाळांमध्ये अंगावर न पिणारी बाळं फारच जास्त होती. एका विषाणूपासून वाचवलेली बाळं जुलाबानं गेली.

पुढे औषधं सुधारली. आई नियमित एआरटी घेत असेल तर दुधातून संसर्गाचा धोका फार कमी होतो. म्हणून आज बहुतेक गरीब देशांत आणि भारतातही औषधोपचाराखाली असलेल्या आईला स्तनपान करायला सांगतात. या गोष्टीतून शिकायचं ते असं: 'सुरक्षित दूध कोणतं' याचं उत्तर फक्त डब्यात काय आहे यावर ठरत नाही. घरातलं पाणी, पैसा, चूल आणि आईची तब्येत, हे सगळं मिळून ते ठरतं.

आणि सुस्थितीतल्या घरांनीही निर्धास्त राहू नये. २००८ मध्ये चीनमध्ये भेसळखोरांनी दुधात मेलामाइन मिसळलं. सहा बाळं दगावली आणि सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली. डब्याची सुरक्षितता दुसऱ्या कुणाच्या तरी प्रामाणिकपणावर अवलंबून असते.

मग घरी काय करायचं?

देशाची आकडेवारी पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५४.९ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ६३.७ टक्के झालं. पण जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेल्या बाळांचं प्रमाण ४१.६ वरून फक्त ४१.८ टक्क्यांवर आलं. आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, तरी ही अवस्था! म्हणजे पहिल्या तासाचा प्रश्न घराइतकाच आम्हा दवाखानेवाल्यांचाही आहे.

अंगावर पाजताना:

- जन्मानंतर शक्यतो तासाभरात बाळाला छातीशी लावा. सिझेरियन झालं तरी मदत घेऊन ते जमतं.
- चीक फेकू नका. पहिल्या दिवशी बाळाचं पोट अगदी लहान असतं, त्याला एका वेळी चमचाभर चीक पुरतो.
- मध, गुळाचं पाणी, घुटी, ग्राइप वॉटर नको. एक वर्षाच्या आत मध दिल्यास बोटुलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो.
- सहा महिने पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नको. त्यानंतर वरचं खाणं सुरू करा आणि अंगावरचं दोन वर्षं किंवा पुढेही चालू ठेवा.
- दूध पुरतं का हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल आणि दोन आठवड्यांत जन्मवेळचं वजन परत गाठत असेल, तर दूध पुरतंय.
- पुरत नसेल तर आधी बाळ नीट धरलंय का, स्तनाचा काळा भाग पुरेसा तोंडात घेतंय का हे जाणकार नर्स किंवा डॉक्टरांकडून पाहून घ्या. बहुतेक वेळा अडचण इथेच असते.
- आईला सर्दी, ताप असला तरी पाजणं थांबवायचं कारण नाही. कोणतंही औषध सुरू असेल तर डॉक्टरांना विचारा. परस्पर पाजणं बंद करू नका.
- कामावर जाणाऱ्या आईनं दूध स्वच्छ वाटीत काढून ठेवावं. साध्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये एक दिवस ते चांगलं राहतं. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा कायद्यानं दिलेला हक्क आहे.

डॉक्टरांनी पावडर द्यायला सांगितली असेल तर:

- पावडर निर्जंतुक नसते. पाणी खळखळून उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत, ते चांगलं गरम असतानाच (७० अंशांच्या वर) पावडर मिसळा. मग बाळाला सोसेल इतकं निववा.
- डब्यावर लिहिलंय तितकंच माप घ्या. पुरवापुरवी करू नका आणि 'ताकद येईल' म्हणून जास्तही घालू नका.
- बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा. ते घासायला आणि उकळायला सोपं पडतं.
- दोन तासांत न संपलेलं दूध टाकून द्या.
- सहा महिन्यांच्या आत नुसतं गाई-म्हशीचं दूध, पाणी घालूनही, योग्य नाही. त्यात बाळाला लागणारं लोह फार कमी असतं आणि कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो.

आता घरातल्या मंडळींसाठी एक विनंती. काही आयांना सगळं करूनही दूध येत नाही. कुणाला गंभीर आजार असतो, कुणावर कर्करोगाचे उपचार चालू असतात, कुणाच्या बाळाला गॅलॅक्टोसीमियासारखा दुर्मिळ आजार असतो. कुणी बाळ दत्तक घेतलेलं असतं. अशा आईला टोमणे मारू नका. दीडशे वर्षांचा हा इतिहास आईच्या चुकांचा नाही. तिला चुकीचं सांगणाऱ्यांचा, तिला वेळ आणि मदत न देणाऱ्यांचा तो इतिहास आहे. बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू अवश्य द्या. पण दूध लाडवांपेक्षा बाळाच्या ओढण्यानं वाढतं. तेव्हा रात्री तिला दोन तास झोप मिळेल असं बघा, घरकाम वाटून घ्या आणि "तुला दूध पुरत नाही" हे वाक्य पुराव्याशिवाय उच्चारू नका.

दूध पुरत नाही असं खरंच वाटत असेल, तर डबा आणण्याआधी बाळाला आणि आईला, दोघांनाही घेऊन या. वजन करू, पाजताना पाहू, आणि मग काय ते ठरवू.